लेन्सचा पाय

प्रेमलता हसली की घर उजळतं, असं प्रतापनगरात सगळेच म्हणत. पण समोर कॅमेरा आला की तीच मुलगी सुई टोचून घ्यायला बसल्यासारखी दात आवळायची. गोपाळरावांनी सीताबर्डीवरच्या तीन स्टुडिओंत तिचे फोटो काढून घेतले; तिन्हीत तेच. ते पाहून दोन स्थळांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं, आणि त्यांतल्या एकाने तर पत्रिका मागितलीच नव्हती. लेकीच्या बापाला हे फार लागलं. आता सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात भंडाऱ्याचं चांगलं स्थळ आलं होतं आणि त्यांना आठ दिवसांत फोटो हवा होता.

“तिले कळूच द्यायचं नाही,” गोपाळराव बायकोला म्हणाले. “दुरून काढतो. हसली का धरली!”

“अन् दुरून कायनं काढता, दुर्बिणीनं?” इंदूबाईंनी विचारलं.

जवळजवळ तसंच होतं. गोपाळरावांच्या कचेरीतले कृष्णकांत अंबाझरी तलावावर पक्ष्यांचे फोटो काढत. त्यांच्या कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स होती. तिच्या पोटाभोवती एक कडं आणि कड्याला स्टँडवर बसवण्यासाठी एक लोखंडी पाय होता. कृष्णकांतांनी ती जड मनाने गोपाळरावांच्या हाती दिली.

“स्टँड नेत नाही ना? मंग ध्यानात ठेवजा, हा पाय तळहातात बोचते. स्क्रू ढिला करायचा, पाय फिरवून वर न्यायचा, अन् स्क्रू पुन्हा आवळायचा. डावा हात लेन्सच्या पोटाखाली. पाय वर आला म्हणून त्याले धरून बादलीसारखी उचलू नका, बस.”

“मी काय लहान हाओ का गा?” गोपाळराव म्हणाले.

रविवारी गच्चीच्या एका टोकाला मायलेकी कुरडया घालत होत्या; कुरडयांच्या चादरी पार दुसऱ्या टोकापर्यंत पसरल्या होत्या. त्या टोकाला, बांबूच्या शिडीने जिन्याच्या छपरावर चढून, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून गोपाळराव पालथे पडले होते. त्यांनी स्क्रू ढिला करून पाय वर फिरवला, तेवढ्यात प्रेमलता खळखळून हसली. आता स्क्रू आवळत बसलं तर हसू जाणार! गोपाळरावांनी घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबायच्या नेमक्या क्षणी पाय गर्रकन खाली येऊन तळहातात रुतला. त्यांनी तो पुन्हा वर केला. तो पुन्हा खाली आला. अशा झटापटीत आठ फोटो निघाले, आणि दर वेळी ‘नंतर आवळू’ म्हणता म्हणता स्क्रू आणखी ढिला होत गेला.

नऊ वाजता छप्पर पोळायला लागलं. सावलीला सरकावं म्हणून गोपाळरावांनी वर आलेला पाय धरला, तो तव्यासारखा तापलेला! मग कोणताही गृहस्थ तापलेलं दुधाचं भांडं उचलेल, तशी त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाने पाय धरून लेन्स उचलली. कडं उघडलं. हातात राहिला नुसता पाय, आणि लेन्स कॅमेऱ्यासकट निघाली छपराच्या कडेला.

गोपाळरावांच्या डोळ्यांपुढे कृष्णकांतांचा चेहरा आला. त्यांनी झेप घेतली, लेन्स छातीशी कवटाळली आणि शिडीवरून घसरत थेट खालच्या चादरीवर, ओल्या कुरडयांत बसले.

“अवो, तिथं काहून बसले?” इंदूबाई ओरडल्या. “पायलीभराच्या हायेत त्या!”

“लेन्स वाचली,” गोपाळराव म्हणाले आणि स्वतःच्या थाटाकडे पाहून त्यांना असं हसू फुटलं की आवरेना.

“बाबा, तुम्ही माझा फोटो काढून राहिले होते?” प्रेमलताने त्यांच्या मांडीवरून कॅमेरा उचलला. “पाहू मले.” जवळून नुसतं धूसर दिसत होतं, म्हणून ती मागे मागे जात गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली. डावा हात लेन्सच्या पोटाखाली आपोआप गेला. “पायाबिगर किती मस्त बसते हातात!” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

रोल धुऊन आला. गोपाळरावांच्या आठांपैकी काहींत गच्ची तिरपी, एकात इंदूबाईंचं कोपर, बाकी आकाश. स्वच्छ आला होता तो एकच: कुरडयांत बसलेले, बत्तीस दात दाखवत हसणारे गोपाळराव.

“गेलं हेही स्थळ,” ते म्हणाले आणि न जेवताच झोपले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रेमलताने त्यांना न सांगता तोच फोटो भंडाऱ्याला धाडला. सोबत चिठ्ठी होती: ‘माझा फोटो चांगला येत नाही. मी बाबांवर गेले आहे, मिशी सोडून.’

उलट टपाली उत्तर आलं, रविवारी येतो. गोपाळराव चकितच झाले.

रविवारी मुलगा वसंत आणि त्याची आई कौसल्याबाई आले. इस्त्रीचा सदरा घालून गोपाळराव खुर्चीत बसले होते, ताठ, दात आवळून. कौसल्याबाईंनी त्यांच्याकडे दोनदा निरखून पाहिलं. मग त्या इंदूबाईंकडे झुकल्या.

“फोटोतले ते गृहस्थ नाही आले का वं? त्याईले भेटाले आलो आमी.”

बर्फीची बशी घेऊन येणारी प्रेमलता दारातच थांबली आणि इतकी हसली की बशी हिंदकळली. तिचं पाहून गोपाळरावही सुटले.

“आई वं! हेच तर होय!” कौसल्याबाई म्हणाल्या.

वसंत मात्र दाराकडेच पाहत होता. आईने पिशवीतून त्याचा छोटा कॅमेरा काढला, तसा त्याने तो तिच्या हातून घेऊन हळूच खाली ठेवला.

“राहू दे, आई,” तो म्हणाला. “आता फोटोचं काही काम नाही.”