बिनदाराच्या खोलीत केंद्रप्रमुख कोंडले त्याची हकीकत

हुजुरांचे चरणी विदित व्हावे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्षमासी, गुरुवारी, दोन प्रहरी, बोरमाळ वस्तीच्या चार इयत्तांच्या शाळेत केंद्रप्रमुख हनुमंतराव साहेब अठरा मुलांचे हाती सापडून एक तास बावीस मिनिटे अटकेत राहिले, आणि दाराच्या कागदावर सही करून सुटले.

ऐसे काही घडलेच नाही. शेरेबुकात साहेबांचे स्वहस्ते 'भेट दिली, समाधान वाटले' इतकेच नमूद आहे, आणि सरकारी शाई खोटे बोलत नाही. तरी जे घडले नाही ते कैसे घडले, हे पुढीलांस दाखला राहावा म्हणून लिहितो.

वस्ती शनिशिंगणापुराचे शेजारी. शेजारधर्म म्हणून येथेही घरांस चौकटी आहेत, दारे नाहीत, आणि तीच रीत शाळेनेही पाळिली. रीत बहुत उत्तम, चोरी नाही, तंटा नाही, मांजरे सुखी. परंतु शाळेमागे मुलींचे शौचालय बांधिले, त्यासही चौकट आली आणि दार आले नाही, तेथे कारभार अडला. वस्तीच्या जाणत्यांनी निवाडा दिला की, रीत घरांची आहे, याला खुशाल दार लावा. मग अर्ज तालुक्यास गेला, आणि तीन वर्षांनी जबाब आला की, 'आपले गावी दार लावण्याची प्रथा नसल्याने मागणी निकाली काढणेत येत आहे.' तेव्हापासून एकीने आत जावे, दोघींनी बाहेर गोणपाट धरावे, आणि वारा सुटला की तिघींनी मिळून ओरडावे, ऐसा बंदोबस्त चालला. इयत्ता चौथीची पंकजा, वय वर्षे नऊ, मुलींच्या फौजेची सरदार. तिने घरून निघाल्यापासून शाळा सुटेतो पाणी वर्ज्य केले, आणि तिचे पाहून बाकी आठ जणींनीही केले. दुसरा अर्ज दसऱ्यापासून केंद्रप्रमुखांच्या पिशवीत शिफारशीच्या सहीवाचून मुक्काम करून होता.

ऐशात शाळेच्या ग्लोरियाबाई नगरास प्रशिक्षणास गेल्या आणि 'एस्केप रूम' नामे नवी विद्या घेऊन स्कूटीवरून परत आल्या. विद्येचे मर्म ऐसे की, माणसे खोलीत कोंडावी, कोडी घालावी, ती सोडवून त्यांनी कुलूप उघडून बाहेर यावे, आणि ती खोली मुलांनी स्वतः रचावी. बाईंनी सोबत पितळी कुलूप आणिले होते. ते अठरा जणांच्या हातोहात फिरले. तिसरीच्या अंगदाने हुंगून पाहिले.

"बाई, हे कशाला लावायचं?"

"दाराला."

"आन् दार कुठंय?"

येथे विद्या पहिल्याच मुक्कामी थकली. मग पंकजा उठली आणि म्हणाली, "बाई, लोकं कोंडलेल्या खोलीतून भाईर यायला खेळत्यात व्हय? आमाला तर एकच खोली पायजे. आतून कोंडायला."

 बाईंनी कुलूप नकाशाच्या खिळ्यास अडकविले आणि मोहिमेची सर्व मुखत्यारी मुलांस बहाल केली.

मसलत बसली. कोंडायचे कोणास, यावर मतभेद नव्हता. पेच हा की, हनुमंतराव साहेबांची स्वारी मोठी चपळ. दुचाकीचे इंजिन चालूच ठेवावे, चौथ्या मिनिटास शेरा लिहावा, अर्जाचा विषय निघताच 'पुढच्या खेपेला बघू' म्हणावे आणि कूच करावे, ऐसी त्यांची युद्धनीती. अंगद म्हणाला, "साहेब पळून जात्यात की. त्यास्नी दार कुठलं आडीवनार?"

"फोटूबिगर न्हाई जात," पंकजा म्हणाली.

आणि ते खरे होते. सरकारच्या अॅपात या नव्या उपक्रमाचे दोन फोटो चढवावे लागत, एक खोलीत शिरतानाचा, एक कोडे सोडवून सुटतानाचा. दुसरा चढविल्याविना भेट पुरी होत नसे. दार लाकडाचेच पाहिजे ऐसे नाही, हे नऊ वर्षांच्या मुत्सद्द्याने ओळखिले.

मग खोली रचिली. घराघरांतून स्टीलचे सात पेले आणिले, ज्यांवर कोणाच्या मामाचे, कोणाच्या आत्याचे नाव कोरलेले. प्रत्येकाच्या बुडास बाहेरून एकेक अक्षर चिकटविले. फळ्यावर कायदा लिहिला की, पेला रिकामा जाहल्याविना उलटा करू नये, थेंब सांडू नये, आपला मुलूख दुष्काळी आहे. रसदेची जोखीम खिचडी शिजविणाऱ्या रंगुबाई मावशींनी पत्करली. उसाचा रस, ताक, लिंबाचे सरबत, पाणी, चहा, पुन्हा ताक, आणि शेवटी कोकम, कारण मावशी म्हणाल्या, "एवढं पिऊन पोट बिघडाया नको साहेबाचं." चाचणीस अंगद बसला. पाचव्या पेल्यास तो उठून बांधाकडे पळाला. चाचणी यशस्वी ठरली.

नेमल्या दिवशी साहेब आले. इंजिन चालू. बाईंनी अदबीने उपक्रम सांगितला. पहिला फोटो निघाला, आणि फळ्यावरचा कायदा वाचून साहेब हसले, "एवढंच? द्या इकडं," आणि मामाचा पेला उचलिला. दुसऱ्यास वाहवा केली. तिसऱ्यास इंजिन बंद करण्यास अंगदास पाठविले. चौथ्या पाण्याच्या पेल्यास म्हणाले, हे राहू द्या. तेव्हा पहिलीची मुले ओंजळी धरून पुढे जाहली आणि एकमुखाने बोलली, "साहेब, सांडू नका, आमी टँकरमधून आनलंय." साहेब मुकाट प्याले. मग चहा, मग ताक, आणि सातवा पेला संपवून त्यांनी बुडे ओळीने लाविली, अक्षरे इकडची तिकडे केली, आणि अर्ध्या तासाने वाक्य उमटले. आतून कडी हवी.

"कशाला?" साहेबांनी पुसले.

 पंकजेचा हुकूमच होता की, उत्तर साहेबांनीच शोधायचे, तोवर दुसरा फोटो नाही, आपण थांबायचे.

मग घटकाभराने साहेबांची मुद्रा पालटली आणि ते त्वरेने चौकटीबाहेर निघाले. चहूकडे वाफ्यांत कांद्याची लागवड चालली होती, पूर्वेस बाया, पश्चिमेस बाया, आडोसा एवढाही नाही. त्यात हे साहेब पूर्वी गुड मॉर्निंग पथकात नेमणुकीस होते आणि पहाटे शिट्टी वाजवून तांब्या घेऊन उघड्यावर निघालेल्यांस गुलाबाचे फूल देऊन लाजवीत, हे वस्ती विसरली नव्हती. वाफ्यातून एक बाई ओरडली, "साहेब, गुलाब आनू का?"

साहेब माघारी फिरून शाळेमागे गेले. चौकट होती. अंगद आणि पहिलीचा एक वीर यांनी गोणपाट धरिले, आणि तोंडे फिरवून, दोन्ही हात उंच करून, निष्ठेने उभे राहिले. मग वारा आला. गोणपाट प्रथम फुगले, मग अंगदास घेऊन चार पावले चालले, मग एकटेच कांद्यात गेले. पुढील हकीकत लिहिण्याची बखरकारास परवानगी नाही.

साहेब परत आले ते भिंतीकडे पाहत आले.  मग म्हणाले, "मुली रोज असंच?"

"न्हाई साहेब," पंकजा म्हणाली. "आमी पानीच पीत न्हाई."

तेव्हा साहेबांनी पिशवीतून अर्ज आपण होऊन काढिला, मांडीवर ठेवून शिफारशीची सही केली, आणि खाली स्वहस्ते वाढविले, 'कडी आतून.' दुसरा फोटो निघाला. त्यात साहेब गंभीर आहेत आणि मागे एक गोणपाट उडताना दिसते. फत्ते जाहली. पंकजेने उलट्या पेल्यांतून आत्याचा पेला निवडिला, पाण्याने भरून अर्धा प्याली, आणि उरलेला खाली ठेविला, कारण दार अद्याप आले नव्हते.

कागद तालुक्यास रवाना जाहला आहे. तेथून जिल्ह्यास जाईल, अंदाजपत्रक होईल, निविदा निघेल. तरी हुजुरांनी मेहेरबान होऊन, सदर दार कडीसह दाखल होईतो, मौजे बोरमाळ येथील शाळेपुरते निसर्गाने सकाळी दहा ते सायंकाळी पाच, सुट्टीचे दिवस वगळून, तहकूब राहावे, ऐसा लेखी हुकूम निसर्गास सरकारातून सादर करावा, ही नम्र विनंती.

प्रत माहितीस्तव: वारा.