कुमुद कॉफीचा डबा

सावळीराम भाचीचं लग्न आटोपून सिन्नरहून परतला, कोपऱ्यात पिशवी ठेवली आणि सवयीने पलंगाशेजारच्या फळीकडे पाहिलं. फळीवरच्या धुळीत एक स्वच्छ गोल उरला होता. डबा नव्हता.

त्याने सुनेला हाक मारली. योगिनीने कणीक मळता मळताच सांगितलं, की डबा सृष्टीने नेला, आणि तुम्हीच तर ने म्हणालात.

म्हणाला होता खरा. नात सृष्टी आणि तिची मैत्रीण निकिता यांनी गंगापूर रोडला 'फडताळ' नावाचं कॅफे काढलं होतं. तिथे सगळं जुनं मांडायचं होतं. पितळी पातेली, पत्र्याच्या पाट्या, चित्रांचे डबे. "आबा, माळ्यावरचे डबे नेऊ?" असं पोरीने विचारलं तेव्हा त्याला हसूच आलं होतं. त्याची बायको लंकाबाई हयात असताना ह्याच डब्यांवरून तिची नि सुनेची किती वेळा जुंपली होती. आता त्याच डब्यांना काचेच्या कपाटात जागा मिळणार होती. सगळे ने म्हणाला. पण माळ्यावरचे म्हणाला होता. फळीवरचा नाही.

त्या डब्यावर कुमुद कॉफी असं वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं आणि खाली नथ घातलेली एक बाई वाफाळता कप घेऊन बसली होती. सावळीराम तेव्हा ट्रकवर क्लीनर होता. कांदा मुंबईला पोचवून येताना नव्या नवरीसाठी काहीतरी न्यावं म्हणून दुकानात शिरला, आणि चित्रातली बाई लंकेसारखी दिसली म्हणून तो डबा घेतला. आत काय आहे ते त्याने घरी येऊन वाचलं. लंकाबाईने चित्र नीट निरखलं. "तिच्या नाकात नथ हाय आन् कामाला हात नाय," ती म्हणाली. "माझ्यावानी कुठून दिसती?"

कॉफी संपली आणि डब्यात शिकेकाई आली. त्या घराची रीतच ती. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, तुपाच्या डब्यात खिळे, पावडरच्या डब्यात मोहरी. लंकाबाईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे डब्यावरच्या लिहिण्याने ती कधी फसली नाही. फसला तो सावळीराम. एकदा पहाटे मुंबईहून आला, बायकोची झोपमोड नको म्हणून स्वतःच चूल पेटवली, आणि कुमुदच्या डब्यातली दोन चमचे पूड गुळाच्या पाण्यात उकळून प्याला. लंकाबाई उठून पाहते तो नवऱ्याच्या मिशीला फेस. ती चुलीपुढे बसून हसली, धुणं धुताना हसली, दुपारी शेजारणीला सांगताना तर भिंतीला धरून हसली. तोवर नव्याची लाज धरून असलेली ती बाई त्या दिवसापासून त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला लागली.

शिकेकाई ती घरीच कुटायची. नागरमोथा, आवळकाठी, गव्हला कचोरा, संत्र्याची वाळलेली साल. शेवटची कुटली आणि ती वापरायला लंकाबाई उरली नाही. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. सावळीराम अधूनमधून झाकण काढून वास घ्यायचा. अलीकडे वास येईनासा झाला होता, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

तो तसाच रिक्षात बसला.

'फडताळ' गच्च भरलेलं होतं. पहिलाच दिवस, रविवार, आणि दारात फुलांच्या माळा. भिंतीवर त्याचेच डबे ओळीने मांडलेले होते आणि तरुण पोरं त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. खिळ्यांच्या डब्याला मान मिळालेला पाहून त्याला बरं वाटलं. पण कुमुदची बाई त्या ओळीत नव्हती.

सृष्टी धावत आली, पाया पडली, आणि आनंदाने सांगू लागली. गर्दी मावत नाही, आबा. आणि सगळ्यात जास्त काय खपतंय, तर आजीची कॉफी. गुळाची, बिनदुधाची, पितळी पातेल्यातली. "तुमच्या त्या डब्यातली. काय फेस येतो तिला. मशिनच्या कॉफीला येत नाही तसा."

सावळीरामने मान वळवून पातेल्याकडे पाहिलं.

"त्यात कॉफी कोनी भरली?"

"निकितानेच भरली असणार."

निकिता पातेल्यापाशी उभी होती. तिचं नाक लाल झालं होतं. सकाळी डबा उघडल्यापासून शिंका थांबत नव्हत्या, वास म्हणून काही कळत नव्हतं. सावळीरामने विचारल्यावर ती म्हणाली, पूड तर आधीच होती, सृष्टीने घरून आणलेली, खास घरची. रंग थोडा फिका आला म्हणून तिने मशिनची कॉफीही जराशी घातली होती. दोघींनाही शंका यायचं कारण नव्हतं. डब्यावर जे लिहिलंय तेच आत असतं, यावर त्यांच्या पिढीचा गाढ विश्वास.

डबा ओट्यावर उघडा होता. सावळीरामने आत डोकावलं. तळाशी फक्त दोन-तीन चमचे उरले होते.

बोलावं, तर नातीचं दुकान पहिल्याच दिवशी गंगापूर रोडभर गाजणार. न बोलावं, तर लंकाबाईचं शेवटचं कुटलेलं लोकांच्या पोटात जाणार. पिऊन काही होत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून ती काळजी नव्हती. पण आणखी एका टेबलाला तीच कॉफी हवी होती, आणि निकिताने चमचा उचलला.

"थांब पोरी," तो म्हणाला. "राहिलेली सगळी मला कर."

"सगळी? आबा, लोक वाट बघतायत हो."

"त्यांना मशिनची दे. म्हाताऱ्याचा हट्ट समज."

सृष्टीने निकिताला डोळ्याने खुणावलं, आणि पूड उकळत्या पाण्यात पडली.

मग ते झालं. अलीकडे कोरड्या डब्यातून त्याला जे येत नव्हतं, ते गरम पाण्याबरोबर उसळून वर आलं. रविवार सकाळ. न्हाणीघराचं अर्धवट लोटलेलं दार. तांब्याच्या घंगाळातली वाफ, आणि उन्हात पाठमोरी बसून केस वाळवणारी लंका. सावळीरामने ओट्याची कड घट्ट धरली.

त्या वासाने तो एकटाच थबकला नव्हता. खिडकीपाशी बसलेल्या उज्वलाताई नावाच्या वयस्क बाई कप नाकाशी धरून नुसत्याच बसल्या होत्या. त्यांच्या सुनेने काळजीने विचारलं, आवडली नाही का? "कडूच आहे," त्या म्हणाल्या. "पण माझी आई डोळ्यांपुढे आली बघ. का, ते काही कळत नाही." त्यांनी पदराने डोळे टिपले. पलीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ दुसरा कप मागत होते.

सावळीराम स्टुलावर बसला आणि त्याने आपला कप प्यायला. सकाळी अंगणात उभं राहून औषध प्यावं तसा, न थांबता. चव होती तशीच होती. मिशीला फेस लागला, तो त्याने पुसला नाही. कुठेतरी, चुलीपलीकडे, कुणीतरी भिंतीला धरून हसत होतं.

सृष्टी ऑर्डरची वही बाजूला ठेवून शेजारी येऊन बसली. लोक उद्या परत येणार म्हणतायत, ती म्हणाली, ही पूड आणखी कुठे मिळेल? हिच्यावर आपलं कॅफे चालेल.

"ती आता मिळत नाय," सावळीराम म्हणाला. "करनारी गेली."

पोरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून निकिताची हाक आली. तिचं नाक आता मोकळं झालं होतं आणि ती कौतुकाने सांगत होती, की आजीच्या कॉफीचं पातेलं बघ, घासावंच लागलं नाही. नुसत्या पाण्याने सोन्यासारखं निघालं.

सृष्टीने आबांकडे पाहिलं. आबांच्या मिशीकडे पाहिलं. मग रिकामा डबा उचलून तिने झाकण काढलं आणि वास घेतला. लहानपणी आजीने डोळ्यांत जाईस्तोवर केसांना चोळलेलं ते काय होतं, हे तिला क्षणात आठवलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आपण लोकांना..."

"गप," सावळीराम म्हणाला, आणि डबा तिच्या हातातून घेऊन काखेत धरला. "आन् त्या टकल्या गृहस्थाला दुसरा कप देऊ नको. त्याला उपेग नाय."