शून्याचा रकाना

वझेकाका फाटकाला कडी लावत नाहीत. सोनागिरी वसाहतीत त्यांचे नि आमचे आवार एकच असल्याने गायी निवांत आत येतात आणि माझी शेवंती फस्त करतात. मी भिडस्त आहे; पण याचा संताप येऊ नये, इतका नाही.

काका कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. पंधरा सरकत्या ठोकळ्यांचे कोडे संगणकाकडून कमीत कमी चालींत सोडवून घेणे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते सुटलेल्या कोड्यापासून उलटे निघतात. मोजक्या ठोकळ्यांच्या प्रत्येक मांडणीपासून घर, म्हणजे सुटलेले कोडे, निदान किती चाली दूर आहे, हे एकदाच मोजून तक्त्यात साठवतात. पुढे संगणकाने फक्त तक्ता पाहायचा. शेजारचे तिवारीजी एकदा म्हणाले, "ये तो रट्टा हुआ, वझेसाब." घोकंपट्टीचा हा टोमणा लागून काका महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

"अंदाज कमी चालेल, जास्त नको," हे त्यांचे पालुपद. जास्त सांगितला, तर संगणक जवळची वाटच सोडून देतो. आणि काहीच ठाऊक नसेल, तर शून्य लिहावे. शून्य कधी जास्त होत नाही.

हा नियम ते संसारालाही लावतात. सिलिंडर कधी येईल हे एजन्सीने सांगितले नाही, तेव्हा काका शून्य धरून सकाळपासून रिकामी टाकी घेऊन ओसरीत बसले. सिलिंडर तिसऱ्या दिवशी आला.

परवा शेवंतीचे शेवटचे रोपही गेले. वाक्य तीनदा मनात घोकून मी त्यांच्याकडे गेलो.

"काका, कडी लावायला तुमची हरकत तरी काय आहे?"

"आधी तक्ता बघा, मग भांडा," ते तडकले आणि त्यांनी एक जुनी वही माझ्यापुढे आपटली.

त्यांची लेक पुण्याला शिकत होती, तेव्हाचा तो तक्ता होता. पुण्याहून इकडे येतानाची स्टेशने : भुसावळ, खंडवा, इटारसी. प्रत्येक स्टेशनापुढे तिथून फाटकापर्यंत तिला लागलेला कमीत कमी वेळ. इटारसीचा फोन आला की काका भात लावत, हे मला आठवले.

खाली नव्या शाईत लिहिले होते : टोरांटो. तिला तिकडे जाऊन चार वर्षे झाली.

"कधी येते म्हणाली?"

"काही बोलली नाही," काका वही मिटत म्हणाले.

टोरांटोपुढच्या रकान्यात शून्य होते.

त्या संध्याकाळी मी उरलेल्या कुंड्या गच्चीवर नेल्या.