नेदर थ्रॅपलची शुद्धोच्चार उपसमिती

नेदर थ्रॅपल ग्रामपरिषदेच्या मार्च महिन्याच्या सभेत एकमताने असे ठरले की, गावात इंग्रजी फार वाईट बोलले जाते आणि त्यास गावातील रहिवासी जबाबदार आहेत. परिषदेचा चिटणीस या नात्याने हा ठराव मीच लिहून घेतला. मांडला होता ऑर्मरॉडबाईंनी. त्या सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली फक्त गाव उरलं होतं.

पुरावे भरपूर होते. आमचा खाटीक गस टॉमलिन लायब्ररीला ‘लायबरी’ म्हणतो. टपाल कचेरीतली पोरगी एस्प्रेसोला ‘एक्स्प्रेसो’ म्हणते आणि वर रोज तीच पिते. ‘लिटरली’ म्हणजे अक्षरशः, पण आमच्या गावात माणसं थंडीने अक्षरशः मरत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीसमोर रांगेत उभी दिसत. हे थांबायला हवं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

पंचाईत एवढीच होती की, सांगायचं कसं. आमच्याकडे कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला, तर ज्याचा पाय चेंगरतो तोच आधी माफी मागतो. माझ्या आजोबांना शेजारी बत्तीस वर्षं चुकीच्या नावाने हाक मारायचा. त्याला दुरुस्त करणं बरं दिसणार नाही, म्हणून आजोबांनी दारावरची पाटी बदलून घेतली. अशा गावात खाटकाला तोंडावर ‘लायबरी नव्हे, लायब्ररी’ म्हणणार कोण?

म्हणून शुद्धोच्चार उपसमिती नेमण्यात आली. टपाल कचेरीबाहेर एक बंद पेटी ठेवायची. कुणाच्या तोंडून चुकीचा शब्द ऐकला, की त्याचं नाव आणि तो शब्द चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. पुढे समितीने त्या इसमास पत्र पाठवायचं. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला आणि मी सरळ लिहिलं, की आपण अमुक शब्द चुकीचा उच्चारता. तो वाचून ऑर्मरॉडबाई खुर्चीत बसल्या.

“हम्फ्री, हे पत्र आहे की थोबाडीत?”

“पण बाई, शब्द सांगितल्याशिवाय माणूस सुधारणार कसा?”

“सभ्य माणसाला इशारा पुरतो. शब्द काढून टाका. आणि शेवटी माफी मागा.”

अखेर मंजूर झालेलं पत्र असं होतं: ‘आपल्या बोलण्यातील एका शब्दाविषयी समितीच्या कानावर आले आहे. तो शब्द कोणता, हे सांगून आपणांस संकोचात टाकण्याची समितीची इच्छा नाही. बहुधा ऐकणाऱ्याचीच चूक असावी. तरी कृपया सदर शब्द टाळावा. तसदीबद्दल क्षमस्व.’

पहिल्याच आठवड्यात एकसष्ट पत्रं गेली. सोमवारी गस एप्रनसकट माझ्या कचेरीत हजर.

“हम्फ्री, कुठला शब्द रे?”

“ते गोपनीय आहे, गस.”

“सॉसेज आहे का? तेवढं सांग.”

“नाही म्हणून सांगणंही नियमात बसत नाही.”

“अरे, मग मी धंदा काय खुणा करून करू?”

त्याने खरोखर तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून तो सुरीच्या टोकाने माल दाखवायला लागला, आणि गिऱ्हाइकांनाही पत्रं आलेली असल्यामुळे तीही बोटाने दाखवायला लागली. सावध लोकांनी आधी मोठे शब्द सोडले, मग मधले. पाद्रीबुवांनी आपलं प्रवचन चाळीस मिनिटांवरून चारवर आणलं, तेव्हा चर्चमधली गर्दी दुप्पट झाली. मेअखेरीस पबमध्ये संध्याकाळभर मिळून ‘हं’ आणि ‘ढग’ एवढंच बोललं जाई. गावातील अशुद्ध उच्चार शून्याच्या जवळ आले आहेत, असा अहवाल मी सादर केला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जिल्हा परिषदेने आमचं अभिनंदन केलं आणि शेजारच्या चार गावांनी पेटीची मापं मागवली.

या सगळ्यात बोलत राहिली ती एकटी डॉर्कस प्लमली. वय त्र्याहत्तर, उंची बेताची, आणि बिशपसाहेबांपासून मांजरापर्यंत सगळ्यांना ‘राजा’ म्हणायची सवय. तिचा नवरा इनॉक झटका आल्यापासून शेजारच्या शहरातल्या शुश्रूषागृहात असतो. त्याची वाचा गेली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डॉर्कस चौऱ्याऐंशी नंबरच्या बसने जाते आणि अकरापासून चारपर्यंत त्याला गावची खबर सांगते. कोण कुणाशी भांडलं, कुणाचा केक फुगला नाही, सगळं. तो हसतो, हात दाबतो. त्याच्याकडे गावातलं तेवढंच पोचतं.

तिच्या नावाची चिठ्ठी पेटीत कुणी टाकली? मी. ‘स्पेसिफिकली’ म्हणजे नेमकं; त्याला ती ‘पॅसिफिकली’ म्हणते, आणि तो शब्द अकरा वर्षं माझ्या कानात खड्यासारखा टोचत होता. पत्रावर सहीसुद्धा मीच केली. पंधरा दिवसांनी ती मला बसथांब्यावर भेटली. एकटीच बाकावर बसली होती, गप्प.

“परवा इनॉकजवळ बसले आणि तोंडच उघडेना,” ती म्हणाली. “न जाणो, नेमका तोच शब्द निघायचा. तो आपला बघत राहिला माझ्याकडे. चारपर्यंत.” मग म्हणाली, “तुझ्यासमोर काही चुकीचं बोलले का रे मी, राजा?”

“छे छे,” मी म्हणालो. “ऐकणाऱ्याचीच चूक असावी.”

मला स्वतःची लाज वाटली. पण ते बोलून दाखवणं अवघड झालं असतं, म्हणून मी ढगांविषयी बोललो.

त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेची नोटीस लागली. चौऱ्याऐंशी नंबरची बस प्रवाशांअभावी बंद करण्याचा विचार आहे. गुरुवारी दुपारी तीन वाजता गावच्या सभागृहात सुनावणी होईल. हरकत समक्ष व तोंडी नोंदवावी. लेखी हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत.

सुनावणीला गावातली बावन्न माणसं आली. अधिकारी डूली नावाचे गृहस्थ होते, चेहऱ्यावरून सज्जन. त्यांनी नोटीस वाचली आणि विचारलं, “कुणाची हरकत?”

कुणीच बोलेना. गसने हात वर केला, पण हातात सुरी नसल्याने त्याला काय म्हणायचंय ते कळलं नाही. पाद्रीबुवांनी डोळे मिटले. शेवटी ऑर्मरॉडबाई उठल्या, तोंड उघडलं, आणि परत बसल्या. त्यांच्या नावाच्या एकोणीस चिठ्ठ्या आल्या होत्या, आणि नियमाप्रमाणे मी त्यांनाही पत्र पाठवलं होतं. मी स्वतः तर मुळात बोलायला नव्हतो, लिहायला होतो.

“मग गावाला बसची गरज नाही, अशी नोंद करतो,” डूलीसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा डॉर्कस उभी राहिली.

“थांब, राजा,” ती म्हणाली. “मला बस रोज नको. पॅसिफिकली मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस तू घे. माझा नवरा तिकडे आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून दोघांचं मलाच बोलावं लागतं. दोन आठवडे मी घाबरून गप्प बसले, तर त्याने जेवण टाकलं. बस गेली तर तो मरेल, लिटरली मरेल. त्यात तुझा दोष नाही, तू भला दिसतोस. पण ते टोपण लाव.”

डूलीसाहेबांनी टोपण लावलं. मग चष्मा काढून पुसला, आणि तो पुसत असतानाच सांगितलं की बस चालू राहील. सभागृहात टाळ्या झाल्या. गस चक्क ओरडला. कुणीतरी चहा ठेवला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच गाव तासभर मोठमोठ्याने, वाटेल ते बोललं. डॉर्कसला तर कुणी खाली बसूच देईना. मीही तिचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा होतो, आणि मला खरंच फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. आत एक्कावन्न चिठ्ठ्या होत्या. पन्नास मी वाचल्या. सगळ्यांवर डॉर्कसचं नाव होतं आणि पुढे एकच शब्द होता. एक्कावन्नावी माझीच असल्यामुळे ती वाचायची गरज पडली नाही.

तुम्ही आम्हाला हसत असाल, तर हसा. डॉर्कसने कोणता शब्द चुकवला, ते तुम्हाला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तिच्या नवऱ्याचं नाव काय, ते तेवढं वर न बघता सांगा.