पाच खुर्च्या, सात माणसं

सुताराचं माप कधी चुकत नाही, असं सुतार स्वतःच सांगत असे. कपाट असो की पाळणा, एकदा टेप लावला की केसाएवढाही फरक पडायचा नाही. पडलाच, तर भिंत वाकडी. अशा वाकड्या भिंती त्याला आयुष्यात पुष्कळ भेटल्या होत्या.

म्हणून नाताळ महिन्यावर आला तेव्हा त्यानं टेप काढला. लग्नाला चार महिने झाले होते. दोघांचंही दुसरं. त्याच्याकडची अकरा वर्षांची मुलगी, आई गेलेली. अंगानं नुसती काडी, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणत. बायको दवाखान्यात नर्स. तिच्याकडून आला सात वर्षांचा गोटी, आणि गोटीची आजी. ही आजी म्हणजे नर्सबाईच्या पहिल्या नवऱ्याची आई. मुलगा आधीच गेलेला, सून दुसऱ्या घरी निघाली, तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "आणि मी काय इथं भिंतींना वाढत बसू?" मग सुनेच्याही आधी ट्रंक घेऊन गाडीत जाऊन बसली होती.

घरात माणसं पाच, पण जेवायला बसायची चार. पेन्सिल ताट घेऊन जिन्यात जाई. भांडण नाही, रडणं नाही. नर्सबाईंनी वाढलेलं मुकाट घ्यायचं आणि जिना गाठायचा. ताट परत येई ते धुऊन, पुसून. पाहुण्यानं निघताना ठेवावं तसं. त्या पुसलेल्या ताटाचा सुताराला धसका बसला होता.

"नाताळला तरी सगळ्यांबरोबर बसशील?" त्यानं एकदा विचारलं.

"बघू," पेन्सिल म्हणाली.

एवढ्याशा 'बघू'वर त्यानं टेबल बांधलं. सहा फूट लांब, जेवणाच्याच खोलीत, दारातून कधी बाहेर निघणार नाही असं. "त्याला जायचंय कुठं?" तो म्हणे. सोबत पाच खुर्च्या. ना एक कमी, ना एक जास्त.

मग दोन्ही घरांच्या रीती त्यानं एका फळीवर लिहून काढल्या आणि सांध्यात सांधा बसवावा तशा बसवल्या. याच्या घरी झाडाच्या शेंड्यावर तारा असे, तिच्या घरी परी. त्यानं परीच्या हातात तारा दिला. हे गाऊन जेवणारे, ते जेवून गाणारे. म्हणून आधी सूप, मग गाणं, मग बटाटे. भेटवस्तू एका घरात सकाळी उघडत, दुसऱ्यात संध्याकाळी. त्या दुपारी उघडायच्या ठरल्या, म्हणजे सगळे सारखेच नाराज.

एक रीत मात्र फळीवर आली नाही. ती दोन्ही घरांत होती आणि दोघांनीही सांगितली नव्हती. गेलेल्या माणसाचं पान मांडायची. नव्या संसारात जुन्या माणसाला जेवायला बोलवा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण गोटी एकदा सुताराजवळ बोलून गेला. "काका, माझ्या बाबांचा पितळी मग नाताळला खिडकीजवळ ठेवतात." गोटीचे बाबा टपाल वाटायचे. सुताराचा जीव गलबलला. नाताळच्या दुपारी नर्सबाई स्वयंपाकघरात होत्या, तेव्हा त्यानं तो मग आजींच्या ट्रंकेतून काढला, घासूनपुसून खिडकीजवळच्या खुर्चीपुढं ठेवला आणि झाडाला पाणी घालायला गेला.

इकडं नर्सबाईंनाही सुताराच्या जुन्या भांड्यांच्या खोक्यात निळ्या काठाची एक ताटली सापडलेली. सगळ्यांत जुनी, टवका गेलेली, आणि सगळ्यांत जपून गुंडाळलेली. त्या काय समजायचं ते समजल्या. त्याच खिडकीजवळच्या खुर्चीपुढं त्यांनी ताटली मांडली. मध्ये कुणाचा तरी मग आला, घाईत नीट न बघताच त्यांनी तो कपाटावर सारला आणि परत चुलीकडं गेल्या.

"माझ्या बाबांचा मग कुणी उचलला?" गोटीनं खोली डोक्यावर घेतली.

"ती माझ्या आईची जागा आहे," पेन्सिल जिन्यातून उतरत म्हणाली. चार महिन्यांतलं तिचं हे सर्वांत मोठं वाक्य होतं.

"माझे बाबा खिडकीजवळच बसायचे."

"माझी आईपण."

सुतारानं घाईनं दुसरी खुर्ची ओढली. "हे बघा, दोघांना शेजारी शेजारी बसवू."

"आई त्यांच्याशेजारी नाही बसणार," पेन्सिल म्हणाली. "ती ओळखत नाही त्यांना."

 आजी कोपऱ्यातून सगळं बघत होत्या. "लेक जिता होता तेव्हा गावाच्या दारात वेळेवर, आणि घरच्या जेवणाला रोज उशीर," त्या म्हणाल्या. "आज बघा, सगळ्यांत आधी येऊन बसलाय." मग त्यांनी खुर्च्या मोजल्या. दोन गेल्या, तीन उरल्या, माणसं पाच. "छान झालं, सुतारबुवा. असणाऱ्याला उभं ठेवा, नसणाऱ्याला खुर्ची द्या."

"होतंय, आजी, सगळं होतंय." सुतारानं कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. तोड अगदी सोपी होती. टेबलाची अरुंद बाजू खिडकीकडं होती, ती फिरवून लांब बाजू करायची. एका टोकाला ताटली, दुसऱ्याला मग, मध्ये कुंडीतलं झाड. दोघांना खिडकी मिळाली, ओळखही नको. त्यानं टेबलाला खांदा लावला.

टेबल निम्मं फिरलं आणि थांबलं.

त्यानं खोली मोजली होती, टेबल मोजलं होतं. टेबलाचं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर तेवढं मोजायचं राहिलं होतं. एक कोपरा भिंतीत बोटभर रुतला, दुसरा भिंतीवरच्या कपाटाखाली शिरून बसला, आणि लांब कड स्वयंपाकघराच्या दारावर अडसरासारखी आडवी झाली. ओढून हलेना, ढकलून हलेना. उचलावं तर कपाटातल्या काचा किणकिणू लागत.

"अहो," आतून नर्सबाईंचा शांत आवाज आला, "मला बाहेर कुठून यायचंय?"

"भिंत वाकडी आहे," सुतार म्हणाला.

सूप निवत होतं. स्वयंपाकघराला दुसरं दार नव्हतं. वाट उरली ती एकच, टेबलाखालून. सुतारानं वाकून बघितलं. खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. मग पोरांना पाठवावं लागलं. गोटी पोटावर सरपटत आत गेला आणि पाव घेऊन आला. सुपाचं पातेलं त्याला आवरेना, तेव्हा पेन्सिल गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली.

इकडं सुतारानं दोन खुर्च्या खिडकीशी नेल्या आणि टेबलाची जेवढी कड तिथवर पोचत होती तिच्यावर ताटली आणि कपाटावरचा मग मांडले. आजींनी तिसरी खुर्ची त्या दोघांच्या मधोमध ओढली. "मला खाली वाकवत नाही. मी बसते यांच्यात. नाहीतरी माझा नंबर जवळच आलाय."

सूप बाहेर आलं, बटाटे मात्र येईनात.

सुतारानं कान दिला. टेबलाखालून चावल्याचा आवाज येत होता.

"वर नेऊन खा," पेन्सिल म्हणत होती.

"वर जागाच नाही," गोटी म्हणाला.

 मग पाव मोडल्याचा आवाज आला. मग नर्सबाई दारापाशी आतल्या बाजूला जमिनीवर बसल्याचा. मग चमच्यांचा. सुताराला इथून दिसत होते फक्त पेन्सिलचे पाय. आखडलेले, मग सैल झालेले, मग एकावर एक टाकलेले. त्यानं श्वास रोखून धरला. फांदीवर पाखरू बसलेलं असताना खालच्या माणसानं धरावा तसा.

"अजून घे," नर्सबाई म्हणाल्या.

"थोडंच," पेन्सिल म्हणाली.

आणि सुताराला एवढा आनंद झाला की त्याला लगेच काहीतरी दुरुस्त करावंसं वाटलं. पिशवीतून करवत काढून तो टेबलाच्या पायाशी बसला. पाय कापला की टेबल खाली येईल, वाट मोकळी होईल, सगळे नीट, वर, माणसासारखे बसतील.

"तुझी आई खिडकीतून काय बघायची?" आत गोटी विचारत होता.



"काही नाही. ती बसायचीच नाही."

"मग?"

"सगळ्यांना वाढायची. मग ओट्याशी उभ्यानं जेवायची. खिडकीचं मी उगीच सांगितलं."

सुताराचा हात थांबला. त्याला ती बसलेली आठवेना. तिचे हात आठवले, वाढताना पुढं येणारे. पाठ आठवली. हसणं आठवलं, तेही मान वळवून, उभ्यानंच. जुन्या घरात त्याच्याच हातच्या तीन खुर्च्या होत्या. माणसं तीन. आणि तिसरीवर बारा वर्षं त्याचा हत्यारांचा डबा.

"बाबा, काय करतोयस?" पेन्सिलला करवतीचं पातं दिसलं होतं.

"पाय कापतोय गं. म्हणजे टेबल निघेल."

"आत्ता नको," ती म्हणाली. "आई बसलीय."

करवत त्यानं जमिनीवर ठेवली. आवाज न करता.

"राहू द्या हो," आतून नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला होता. "मी काही पळून जात नाही. जाऊही शकत नाही."

खाली गोटीला हसू फुटलं. त्याच्या मागोमाग दुसरं एक हसू आलं, बारीक, कोरं, वापरात नसलेलं.

आजींनी खिडकीकडं तोंड करून सूप प्यायला सुरुवात केली होती. उरलेल्या दोन खुर्च्या तशाच भिंतीशी होत्या. "बसा आता, सुतारबुवा," त्या मागं न बघता म्हणाल्या. "तुमच्या वाट्याची खुर्ची आहे की."

"असू दे, आजी."

त्यानं टेबलाखालून आलेलं ताट घेतलं, भिंतीला पाठ टेकली आणि उभ्यानंच जेवायला लागला. एका हातात ताट, त्यात वाटी, वाटीत सूप. पाव मोडायला तिसरा हात लागतो, हे त्याला या वयात पहिल्यांदा कळलं. तीन घास होईतो सूप मनगटावरून बाहीत शिरलं आणि कोपरापर्यंत गेलं. पुसायला हात मोकळा नव्हता, आणि डोळे पुसायलाही.