अर्ध्या बादलीची आंघोळ

लिफ्टशेजारच्या फळ्यावर महिन्याचा पाण्याचा तक्ता लागला, आणि तो वाचता वाचता टाकीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या महिन्यात कमी पाणी वापरण्यात अख्ख्या इमारतीत दुसरा आलेला त्यांचा फ्लॅट घसरत घसरत पार मधोमध आला होता. पहिला नंबर होता समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरचा.

काका निवृत्त लेखापरीक्षक. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते रोज सकाळी गच्चीवर जाऊन टाकीत डोकवायचे, त्यावरून हे नाव पडलं. इमारतीची बोअर आटली, टँकर सुरू झाले आणि काकांचे दिवस आले. पाणी समिती निघाली, अध्यक्ष अर्थातच काका. फ्लॅटगणिक मीटर बसले. मीटर प्लंबरने बसवले, पण कुठला कोणाचा याच्या चिठ्ठ्या काकांनी स्वतः चिकटवल्या, तेही प्लंबर जेवायला गेलेला असताना. डाव्या दाराला डावा मीटर, उजव्याला उजवा. "या लोकांच्या भरवशावर राहिलं की घोटाळा झालाच म्हणून समजा," असं ते सेक्रेटरीबाईंना म्हणाले होते. वर टेबलावर मूठ आपटून एक नियमही पास करून घेतला होता. सगळ्यात जास्त पाणी वापरणाऱ्या फ्लॅटला पुढचा महिनाभर सकाळी फक्त एक तास पाणी. एकदा पहिला नंबर काढून सगळ्यांना दाखवून द्यायचं, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती.

तक्ता वाचून काका घरी आले ते तणतणतच.

"घरात पाणी कोण सांडतंय?"

"सांडायला आहे कुठे?" बायको म्हणाली. "शॉवर तुम्ही काढून कपाटात ठेवलाय. आंघोळीला माणशी एक बादली."

"मग आजपासून अर्धी."

"अर्ध्या बादलीत माझे पायसुद्धा धुऊन होत नाहीत," काकांची आई म्हणाली.

"बाबा, मला केस धुवायचेत," मुलगी म्हणाली.

"कापून टाक. अर्ध्या बादलीत माणसाची व्यवस्थित आंघोळ होते. मनात असलं पाहिजे!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कोणीच वाद घातला नाही. काकांना वाटलं, पटलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको गप्प बसली म्हणजे पटलं, असं समजणारा तो एकटाच लेखापरीक्षक असावा.

खरी गोष्ट वेगळीच होती. डॉक्टर सडाफटिंग, सकाळी दवाखान्यात गेला की संध्याकाळीच उगवायचा. त्याच्या बाल्कनीत झाडं होती, त्यांना पाणी घालायला म्हणून किल्ली काकांच्या घरी असायची. एक बादलीचा हुकूम निघाला त्याच आठवड्यात आई झाडांना पाणी घालायला गेली आणि तिने तिथला शॉवर पाहिला. रीतसर फोन करून विचारलंही. "आजी, घर तुमचंच आहे," डॉक्टर म्हणाला. आजीची कवळी त्यानेच बसवली होती, त्यामुळे दोघांत जिव्हाळा होता. मग सुनेला कळलं, मग नातीला. अर्ध्या बादलीचा हुकूम निघाल्यावर तर कपडे धुणंही तिकडेच सुरू झालं.

"झाडांना पाणी घालायला टॉवेल कशाला?" काकांनी एकदा विचारलं.

"पानं पुसायला," मुलगी म्हणाली.

"बघा! तुम्ही तिघी तिघी जाऊन त्याची झाडं पोसताय, तरी पहिला नंबर त्याचाच. याला म्हणतात शिस्त! शिका जरा." आणि काकांनी सर्वसाधारण सभेत डॉक्टरचा नारळ आणि गुलदस्ता देऊन सत्कार केला. डॉक्टर आ वासून बघत राहिला. रोज दुसऱ्यांना आ करायला लावणारा तो माणूस, त्याची ही पहिलीच वेळ.

पुढचा तक्ता लागला. काकांचा फ्लॅट सगळ्यात शेवटी होता.

सेक्रेटरीबाई तक्त्याखालीच उभ्या होत्या. काकांनी त्यांना मागे एकदा जिना धुतला म्हणून चारचौघांत झापलं होतं.

"काका, उद्यापासून तासभर पाणी. नियम म्हणजे नियम. तुमचंच वाक्य."

"अहो, गळती असणार! मी अर्ध्या बादलीत आंघोळ करतो!"

"मग शोधा गळती. रविवारी सभा आहे, तोपर्यंत थांबते."

काकांनी प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे नळ पाहिले, भिंतीला कान लावला आणि गळती नाही म्हणून सांगितलं. काकांना ते मुळीच पटलं नाही. "फरशीखाली असेल. फोड!"

"फोडू म्हणता? फरशीवाला लवकर मिळत नाही हं, काका."

"फोड म्हणतो ना!"

बाथरूमची फरशी निघाली, मग भिंतीच्या टाइल्स निघाल्या. आत सगळं कोरडं ठणठणीत. बाथरूमचा असा उकिरडा झाल्यावर प्लंबरने हत्यारं आवरली. "पाइप चांगलेत," एवढं म्हणून तो निघून गेला.

आता काका हट्टालाच पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरातला मुख्य कॉक बंद केला, स्टूल घेतलं आणि जिन्यातल्या डक्टचं दार उघडून स्वतःच्या मीटरसमोर ठाण मांडलं. घरात थेंबभर पाणी येत नव्हतं, आणि मीटरची चकती गरागरा फिरत होती.

"चोरी! कोणीतरी माझ्या पाइपातून पाणी चोरतंय!"

ओरडा ऐकून सेक्रेटरीबाई धावत आल्या. तेवढ्यात चकती थांबली. थोड्या वेळाने डॉक्टरचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. केस ओले, चेहरा प्रसन्न, अंगाला चंदनाच्या साबणाचा वास. पाठोपाठ मुलगी टॉवेल घेऊन आत शिरली. चकती पुन्हा गरागरा फिरायला लागली.

काकांनी आईकडे पाहिलं, मग मीटरवरच्या चिठ्ठीकडे. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी वाकून डक्टमध्ये डोकं घातलं. आत पाइप एकमेकांना ओलांडून गेले होते, डाव्या मीटरचा उजव्या दाराकडे आणि उजव्याचा डावीकडे.

"म्हणजे हा मीटर डॉक्टरांचा," सेक्रेटरीबाई सावकाश म्हणाल्या. "सगळ्या मजल्यांवर असंच असणार! काका, गेले तीन महिने तुम्ही ज्याला त्याला शेजाऱ्याच्या पाण्यावरून झापताय!"

काका खजील झाले, आणि मनातल्या मनात त्यांना हायसंही वाटलं. अर्ध्या बादलीने दगा दिला नव्हता.

रविवारच्या सभेत सगळ्यांनी आपापलं उट्टं काढलं. तक्ता दुरुस्त झाला. काकांचा पहिला नंबर आला आणि टाळी कोणीही वाजवली नाही. शेवटचा नंबर गेला डॉक्टरकडे.

"पण ते पाणी त्याने वापरलेलं नाही," काका पडेल आवाजात म्हणाले. "आमच्याच घरच्या... तेव्हा एवढ्या वेळेपुरता नियम बाजूला..."

"नियम म्हणजे नियम!" सगळी सभा एका सुरात ओरडली. कोणीतरी टेबलावर मूठही आपटली.

सोमवारपासून असं झालं की काकांकडे दिवसभर पाणी होतं पण बाथरूम नव्हतं, आणि डॉक्टरकडे बाथरूम होतं पण तासभरच पाणी. ते तासाभराचं पाणी एकट्या आईलाच लागायचं. फरशीवाला रोज उद्याचा वायदा करत होता. मग उरला एकच उपाय. काका स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादल्या भरायचे आणि जिन्यातला पॅसेज ओलांडून डॉक्टरच्या बाथरूममध्ये नेऊन ठेवायचे.

"काका, मला उशीर होतोय, अजून एक आणता का?" आतून डॉक्टर म्हणायचा.

"बाबा, दोन. केस आहेत."

काकांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्यापायी त्या पोराचं पाणी गेलं होतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. काठोकाठ भरलेल्या बादल्या वाहताना त्यांची कंबर मोडायची, आणि डक्टमधला त्यांचा स्वतःचा मीटर, आता बरोबर चिठ्ठीचा, भराभरा पळताना दिसायचा.

सगळ्यात शेवटी काकांचा नंबर लागला. त्यांच्यासाठी बायकोने पाणी भरून ठेवलं होतं. काकांनी दार लावलं, अंग ओलं केलं, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला आणि डोळे मिटून तांब्या बुडवला. तांब्या खडखडला.

"अगं, पाणी संपलं! एक बादली आण लवकर!"

बाहेर पावलं वाजली. मग अगदी दाराशी बायकोचा शांत आवाज आला.

"अर्ध्या बादलीत माणसाची व्यवस्थित आंघोळ होते ना?"

"डोळ्यांत साबण गेलाय गं!"

"मनात असलं पाहिजे," पलीकडून आई म्हणाली.

काका फेसात तसेच उभे राहिले. पॅसेजपलीकडे त्यांच्याच स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आणि बादली भरल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.