सर्जेरावाचा हीटर

भर चैत्रात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय अशा उन्हात गाडीला हीटर बसवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. चौसाळ्यात तो माझ्या शेजारीच राहतो. सर्जेराव त्याचं नाव. त्याचं डोकं फिरलंय असं गाव म्हणतं. गावाशी माझं सहसा पटत नाही, पण या एका बाबतीत मी बरेच दिवस गावाच्या बाजूनं होतो.

गाडी म्हणजे जुनी जपानी पिकअप. माजलगावच्या धरणाच्या कामावर कधीकाळी बोटीनं आलेली, काम उरकल्यावर लिलावात निघालेली आणि सर्जेरावाच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. पुढं वाटणी झाली. थोरल्या भावानं, म्हणजे माणिकदादांनी, विहिरीचा मळा ठेवून घेतला आणि सर्जेरावाच्या पदरात माळरान अन् ही गाडी टाकली. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. गाडीला मात्र सर्जेराव रोज अंघोळ घालतो. कुणी खटारा म्हणालं की विचारतो, "तुझ्या बापानं जपान पाह्यलंय का बे?" त्याच्या बापानं तरी कुठं पाहिलं होतं!

माझा जन्म सरकारी जीप चालवण्यात गेला. आता रिकामाच असतो, म्हणून एका सकाळी सर्जेरावासोबत निघालो होतो. फाट्यावर माणिकदादा एसटीची वाट बघत उभे. किडन्या गेलेल्या, अंबाजोगाईला डायलिसिसला जायचं, अंगात त्राण नाही. सर्जेरावानं गाडी थांबवली आणि समोरच्या काचेकडं बघत मला म्हणाला, "शेषा, त्याला सांग, बस म्हणावं."

दादा मला म्हणाले, "त्याला सांग, मला कुणाचे उपकार नकोत."

"त्याला सांग, उपकार न्हाईत. गाडी तिकडंच चाललीय."

खरं तर गाडी चालली होती अलीकडच्या नेकनूरच्या बाजाराला. दादा बसले. मी सरकून मध्ये आलो, गिअरचा दांडा गुडघ्यात घेऊन. तेव्हापासून प्रत्येक फेरीला माझी जागा तीच. एकाला काच खाली हवी असते, दुसऱ्याला तंबाखूचा वास सहन होत नाही, आणि सगळं माझ्यामार्फत. दादांची पोरं पुण्यात. ती फोनवर म्हणतात, "काका आहेत म्हणून आम्ही निर्धास्त." निर्धास्त राहायला त्यांचं काय जातंय?

खरा त्रास परतीचा. मशीनवरून उठले की दादांना हुडहुडी भरायची. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि हा माणूस दोन गोधड्यांत दात वाजवतोय. केज येईस्तोवर ओठ काळेनिळे. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं असं, ऊब द्या. एकदा घरापाशी उतरताना दादा मला म्हणाले, "शेषा, त्याला सांग, आता मी येणार न्हाई. मेलो तरी चालंल, पण ही थंडी नको."

येणार नाही म्हणजे काय होणार, ते तिघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सर्जेराव बीडच्या भंगारातून एका मोडीत निघालेल्या गाडीचा हीटर घेऊन आला.

हीटरची करामत साधी. इंजिनातलं तापलेलं पाणी रबरी नळ्यांनी केबिनमध्ये आणायचं आणि त्यामागं पंखा लावायचा. सर्जेरावानं पत्रा कापला, नळ्या ओढल्या, हात सोलून घेतले. फाट्यावरची रिकामटेकडी मंडळी चहा पीत बघत बसायची. "सर्जेराव, काश्मीरला चाललाय का?" एकानं विचारलं. "तुझ्या मयताला चाललोय," सर्जेराव म्हणाला आणि पाना फिरवत राहिला.

दादांची समजूत मी काढली. एकच फेरी या म्हटलं. परतताना सर्जेरावानं मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पंखा गरगरला आणि आमच्या तोंडावर गार वारं आलं. गोधडीतून दादांचा आवाज आला, "त्याला सांग, कूलर झकास बसवलाय."

सर्जेरावाचं तोंड पार उतरलं. मला हसू आलं, पण हसलो नाही.

घरी येऊन बॉनेट उघडलं तेव्हा उलगडा झाला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा एक व्हॉल्व्ह असतो. आमच्या भागात कुठलीही गाडी आली की मिस्त्री आधी तो उपटून फेकतो, उन्हाळ्यात इंजिन थंड राहावं म्हणून. मी जीपचा काढला होता. सर्जेरावानं या गाडीचा स्वतःच्या हातानं काढला होता. इंजिनच तापत नव्हतं, हीटर काय कपाळ तापणार! बीडच्या दुकानात व्हॉल्व्ह मागितला तर दुकानदार आमच्याकडं बघतच राहिला. "काढून टाका म्हणणारेच येतात," तो म्हणाला, "बसवायला मागणारे तुमीच." शेवटी एका कोपऱ्यातल्या खोक्यात साधारण त्याच मापाचा सापडला. सर्जेरावानं तो घासून बसवला.

पुढच्या फेरीला दादा पुन्हा आले. का आले, ते त्यांनी सांगितलं नाही. परतताना काचा बंद, बाहेर आग, आत भट्टी. मी आणि सर्जेराव घामानं न्हालो. केजच्या अलीकडं दादांचे दात वाजायचे थांबले. मग त्यांची मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. डोळे मिटलेले.

सर्जेरावानं एका कडुलिंबाखाली गाडी घेतली. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू चालव. मला मधी बसू दे."

दादांचं डोकं हातावर तोलत मी ड्रायव्हरच्या बाजूनं बाहेर सरकलो. तो अलगद आत आला, खांदा पुढं केला आणि गोधडीचं टोक भावाच्या कानावर ओढलं. हा माणूस कुणाला हळू हात लावू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

मी गाडी काढली. थोड्या वेळानं आरशात बघितलं तर दादांचे डोळे उघडे. डोकं धाकट्याच्या खांद्यावर तसंच, नजर समोर रस्त्यावर. मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. सर्जेराव ताठ बसला होता. दादा जागे आहेत हे त्यालाही कळलं होतं, कारण तो श्वास रोखून होता.

मला दोघांचाही भयंकर राग आला. आता तर मध्ये मीसुद्धा नव्हतो. बोला की रे, एक शब्द बोला, असं ओरडावंसं वाटलं. चौसाळा आलं. दादा काठी टेकत उतरले आणि वळूनही न बघता घरात गेले.

त्यानंतर गाडीत बसायची वेळ त्यांच्यावर आली नाही. चारच दिवसांत गेले. पुण्याहून पोरं आली, "काकांनी खूप केलं" असं चारचौघांत म्हणाली. सर्जेराव भिंतीला टेकून उभा होता, उजव्या हातानं डावा खांदा दाबत. दुखतोय का, म्हणून मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "लई हलकं झालतं रे त्याचं डोकं."